कादंबरीत्रयी वाचायची तर शेजारी वही ठेवा

‘क्रिस्तीन लाव्हरान्सदात्तर’ मी पहिल्यांदा सत्तराव्या पानावर सोडलं होतं. पुस्तक कंटाळवाणं मुळीच नव्हतं. पण कोण कुणाचा सासरा, कोणती मावशी कुठल्या वाड्यावर राहते आणि हा ब्योर्न मघाचाच की दुसरा, याचा पत्ता लागेना. दोन वर्षांनी शंभर पानी वही घेऊन बसले आणि तिन्ही खंड एका पावसाळ्यात संपवले. तेव्हापासून ज्यांना ज्यांना हे पुस्तक दिलं, त्यांना सोबत वहीही दिली. ती वही कशी भरायची, हे सांगण्यासाठी हा लेख.

ज्यांनी नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नॉर्वेच्या सिग्रिड उन्सेट यांची ही कादंबरीत्रयी. खंड आले १९२०, १९२१ आणि १९२२ साली, म्हणजे दर वर्षी एक. १९२८ मध्ये त्यांना साहित्याचं नोबेल मिळालं, तेही मुख्यतः मध्ययुगातल्या उत्तरेकडच्या जीवनाच्या चित्रणासाठी. गोष्ट चौदाव्या शतकातली. गुडब्रान्सदाल नावाच्या लांबलचक खोऱ्यात योरुनगोर हा सधन शेतकरी वाडा आहे. तिथल्या लाव्हरान्सची थोरली, लाडकी लेक म्हणजे क्रिस्तीन. बापाने तिची सोयरीक सिमोन नावाच्या भल्या तरुणाशी ठरवलेली असते आणि ती प्रेमात पडते एर्लेंडच्या, ज्याच्या नावामागे आधीच बरंच काही चिकटलेलं असतं. यापुढचं कथानक मी शक्यतो सांगणार नाही. पहिल्या खंडातले एक-दोन प्रसंग मात्र उदाहरणादाखल येतील.

आधी प्रत निवडा

इंग्रजीत दोन अनुवाद सहज मिळतात. जुना चार्ल्स आर्चर आणि जे. एस. स्कॉट यांचा, १९२०च्या दशकातला. त्यात माणसं ‘दाऊ’, ‘दी’, ‘ट्वॉज’ असं बोलतात. मुळातली नॉर्वेजियन भाषा एवढी जुनाट नाही, हे सगळं अनुवादकांनी चढवलेलं शेंदूर आहे. शिवाय त्यात मुळातले काही भाग गाळलेले आहेत. दुसरा टीना नन्नली यांचा, १९९७ ते २००० या काळात आलेला. भाषा साधी, गाळलेले भाग परत घेतलेले आणि मागे टिपा. डोळे मिटून हाच घ्या. आजोबांच्या कपाटात जुना अनुवाद सापडला तर तो प्रेमाने जपून ठेवा, पण वाचायला नवा आणा.

तिन्ही खंड एकत्र असलेली जाडजूड प्रत मिळते, अकराशेहून जास्त पानांची. घरी खुर्चीत बसून वाचणार असाल तर ती ठीक. लोकलमध्ये किंवा झोपून वाचणार असाल तर तीन सुटे खंड घ्या, मनगटं दुवा देतील. किंडलवर वाचण्याचा एक मोठा फायदा आहे. कुठलंही नाव शोधात टाकलं की तो माणूस पहिल्यांदा कुठे आला ते सापडतं.

प्रस्तावना मात्र वगळा, ती शेवटी वाचायची. अभिजात पुस्तकांच्या प्रस्तावना लिहिणारे लोक वाचकाला शेवट माहीतच आहे असं धरून चालतात.

नावांचं कोडं एका संध्याकाळी सोडवा

इथे मराठी वाचकाचं काम सोपं आहे, कारण आपणही बापाचं नाव मधे लावतोच. ‘लाव्हरान्सदात्तर’ म्हणजे लाव्हरान्सची लेक. मुलगा असता तर ‘लाव्हरान्ससोन’ झाला असता. आडनाव हा प्रकार बहुतेकांना नाही. लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाही, ती शेवटपर्यंत बापाचीच लेक राहते. पुस्तकाचं शीर्षकही तसंच आहे. क्रिस्तीन एर्लेंडची बायको झाली तरी पुस्तकावर नाव बापाचं, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

दुसरा नियम नामकरणाचा. बाळाला गेलेल्या माणसाचं नाव देतात. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला देतात, तसंच. त्यामुळे एकाच घरात दोन पिढ्यांत दोन लाव्हरान्स, दोन ब्योर्गुल्फ भेटतात. वैतागू नका. कोणत्या बाळाला कुणाचं नाव दिलं, यात आईबापाच्या मनातलं कळतं. हयात माणसाचं नाव बाळाला देणं अशुभ मानलं जातं. पुढे कुठे कुणी ते केलं, तर तिथे पुस्तक खाली ठेवून पाच मिनिटं विचार करा.

उच्चारांची फार काळजी नको. इंग्रजी ‘जे’ दिसला की ‘य’ म्हणा. डोक्यावर गोल असलेला ‘ए’ म्हणजे ‘ओ’. म्हणून योरुनगोर. जुन्या लिखाणात तोच ‘ए’ दोनदा जोडून लिहिलेला असतो, उच्चार तोच. एवढ्यावर निभावतं.

वहीत प्रत्येक वाड्याला एक पान द्या, माणसाला नव्हे. योरुनगोर, एर्लेंडचं हुसाबी, आशिल्ड नावाची बाई राहते ते हाउगेन, सिमोनच्या घरचं डिफ्रिन. त्या पानावर तिथली माणसं लिहीत जा. माझी पहिली चूक इथेच झाली होती, मी माणसांची यादी करत बसले. या जगात माणूस आधी घराचा असतो, मग स्वतःचा. घर कळलं की माणूस आपोआप लक्षात राहतो.

नकाशा : पाच ठिपके पुरे

कोऱ्या पानावर उभी रेघ ओढा. खाली ओस्लो, वर नीदारोस, म्हणजे आजचं ट्रोन्हेम. आजच्या रस्त्याने हे अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. साधारण मधोमध, गुडब्रान्सदालच्या वरच्या टोकाला, सिल. योरुनगोर तिथे. ओस्लो आणि सिल यांच्या मधे हामार, जिथे क्रिस्तीन लहानपणी बापाबरोबर जाते. पाचवा ठिपका हुसाबी, नीदारोसच्या जवळ. सिल आणि नीदारोस यांच्यामध्ये आडवी रेघ मारा, तो दोव्रेचा डोंगर.

ही आडवी रेघ महत्त्वाची. पुस्तकात कुणी डोंगर ओलांडून जातो म्हणजे माहेर-सासरचा उंबरठा ओलांडतो. हिवाळ्यात तर निरोप पोचायलाही दिवसच्या दिवस जातात. क्रिस्तीनने बापाला एक गोष्ट का सांगितली नाही, असा प्रश्न पडला की आधी नकाशा बघा, मग तिच्यावर रागवा.

तारखा सणांवरून

इथे कुणी ‘जुलैच्या शेवटी’ म्हणत नाही, ‘ओलावच्या सणाला’ म्हणतं. आपल्या आज्या नाही का, ‘आखाजीला आलेला, पोळ्याला गेला’ असं सांगायच्या. पाठीमागच्या टिपा दर वेळी उलटायला नकोत म्हणून एवढं लिहून ठेवा : संत योहानचा सण २४ जून, ओलावचा २९ जुलै, लाव्हरान्सचा १० ऑगस्ट, मिखाएलचा २९ सप्टेंबर. नॉर्वे त्या काळी कॅथलिक होतं, प्रॉटेस्टंट झालं ते सोळाव्या शतकात. त्यामुळे मठ, जोगिणी, उपास, पापाची कबुली हे सगळं रोजच्या जगण्यात मिसळलेलं आहे. उन्सेट स्वतः १९२४ साली कॅथलिक झाल्या, म्हणजे तिन्ही खंड छापून झाल्यावर. ‘लेखिकेचा प्रचार’ म्हणून धर्माची पानं उडवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता एक वर्ष मोठ्या अक्षरात बुकमार्कवर लिहा : १३४९. त्या वर्षी बर्गेन बंदरातून काळी मरी नॉर्वेत शिरली. गोष्ट सुरू होते १३०६ मध्ये. नॉर्वेजियन वाचकाला हे वर्ष शाळेपासून पाठ असतं. त्यामुळे कोण कधी जन्मलं, हे वाचतानाच तो मनात वजाबाकी करत असतो. आपल्याला ती सवय नाही म्हणून बुकमार्क. हा रहस्यभेद नव्हे, इतिहास आहे. पुण्या-मुंबईच्या १८९६-९७च्या प्लेगच्या गोष्टी ज्यांच्या घरात सांगितल्या गेल्या, त्यांना शेवटची पानं वाचताना ओळखीचं बरंच काही भेटेल.

घर वाचायला शिका

खेड्यातल्या प्रेमकथा म्हटलं की लोकांना ओढा, कुरण आणि चांदणं आठवतं. इथे तेही आहे, पण गोष्ट घडते ती कोठारात आणि चुलीपाशी. चारपाच गोष्टी ठाऊक असल्या की प्रसंग उलगडतात.

वाड्याची मुख्य खोली म्हणजे मधोमध चूल आणि वर धूर जायला छपराला भोक. सगळे तिथेच झोपतात, जेवतात, भांडतात. एकांत नावाची चीज नाही. तो हवा असेल तर कोठाराच्या माडीवर जायचं. म्हणून या पुस्तकात कुणी माडीवर गेलं की कान टवकारा.

उन्हाळ्यात गुरं डोंगरावरच्या कुरणात नेतात. तिथे झोपड्या असतात, दुभतं तिथेच होतं, चीज-लोणी तिथेच बनतं आणि हे काम बायका-मुलींचं. तरुण मुलींना घरच्यांच्या नजरेपासून मिळालेली ती काही आठवड्यांची सुटका.

घराच्या मालकिणीच्या कमरेला किल्ल्या असतात. दुसऱ्या खंडाचं मूळ शीर्षकच ‘हुस्फ्रुए’, म्हणजे घरधनीण. धान्य, खारवलेलं मांस, बिअरची पिंपं, सगळं त्या किल्ल्यांच्या आत. क्रिस्तीन सासरी येते तेव्हा घराची अवस्था काय असते आणि ती पहिल्यांदा कशाला हात लावते, तेवढं प्रकरण मी दोनदा वाचलं. नवीन सुनेने कोणत्या भांड्यावरून सासर ओळखायचं, याचं एवढं नेमकं वर्णन मला दुसरीकडे क्वचितच दिसलं.

कुमारिका केस मोकळे सोडते, लग्न झालेली बाई डोक्याला तागाचं वस्त्र बांधते. नवरी लग्नाच्या दिवशी सोन्याचा मुकुट घालते. पहिल्या खंडाच्या शीर्षकातला ‘क्रान्सेन’, म्हणजे माळ, याच्याशीच जोडलेला आहे. केस, वस्त्र, माळ, मुकुट हे शब्द आले की खाली रेघ मारा. पेन्सिलने, पुस्तक माझं असेल तर.

आणि देणंघेणं. लग्न म्हणजे दोन बापांमधला व्यवहार. बैठक होते, शब्द दिला-घेतला जातो, हात मिळवले जातात. मुलगी माहेरून वाटा घेऊन जाते. लग्नाच्या दुसऱ्या सकाळी नवरा तिला वेगळी मालमत्ता देतो, ती तिची स्वतःची. सोयरीक मोडणं म्हणजे फक्त मुलाचं मन मोडणं नव्हे, दोन घरांच्या हिशेबात भोक पडणं.

खरी युक्ती : खातेवही

आता वहीचा मधला भाग उघडा आणि उभी रेघ मारून दोन रकाने करा. एकीकडे ‘कोण देणं लागतो’, दुसरीकडे ‘कुणाचं’. पैशाचं, जमिनीचं, उपकाराचं, खोटं बोलण्याचं, माफीचं, सगळं.

ही माझी लहर नाही. कादंबरीचं पहिलंच वाक्य वारसा-वाटणीचं आहे : १३०६ साली इवार येसलिंगच्या मालमत्तेची वाटणी झाली तेव्हा सिलमधली जमीन त्याची मुलगी राग्नफ्रिड आणि तिचा नवरा लाव्हरान्स यांना मिळाली. म्हणजे ज्या योरुनगोरला आपण अकराशे पानं क्रिस्तीनच्या बापाचा वाडा म्हणतो, तो आलेला आहे आईच्या माहेरून. तिसऱ्या खंडातल्या एका भागाचं नाव तर ‘देणेकरी’ असंच आहे.

नमुन्यादाखल एक नोंद. क्रिस्तीनच्या लहानपणी धाकटी बहीण उल्वहिल्डच्या अंगावर लाकडाचा ओंडका पडतो आणि ती जन्माची अधू होते. उपचारांसाठी आशिल्डला बोलावतात. लोक तिला चेटकीण म्हणतात, तरी आईबाप तिला घरात घेतात. वहीत लिहा : ‘लाव्हरान्स-राग्नफ्रिड → आशिल्ड’. काही पानांनंतर कळतं की आशिल्ड ही एर्लेंडची मावशी. बाणापुढे अजून एक बाण काढा. ही नोंद पुढे कुठे आणि कशी वसूल होते, ते तुम्हीच शोधा.

राग्नफ्रिडच्या पानावर पहिल्या खंडात लिहायला फारसं काही मिळणार नाही. तीन तान्ही मुलं गेलेली, उदास, अबोल, उपासतापास करणारी बाई, एवढंच. तिचं पान कोरं ठेवा, फाडू नका. खंडाच्या शेवटच्या पानांत ते भरेल. त्या रात्री नवरा-बायकोत जे बोलणं होतं ते वाचून मी वही मिटली आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. तरुण मुलीच्या प्रेमाची गोष्ट म्हणून हातात घेतलेलं पुस्तक तोवर तिच्या आईबापाच्या संसाराची गोष्ट झालेलं असतं.

त्यासाठीच एक सूचना : भागांची नावं वाचत जा. प्रत्येक खंडाचे तीन भाग आहेत. पहिल्या खंडाच्या तिसऱ्या भागाला नाव आहे बापाचं, लाव्हरान्स ब्योर्गुल्फसोन. दुसऱ्या खंडाच्या तिसऱ्या भागाला नवऱ्याचं, एर्लेंड निकुलाउससोन. तिसऱ्या खंडाच्या तिसऱ्या भागाला कुणा पुरुषाचं नाव नाही, नुसतं ‘क्रूस’. प्रत्येक भाग संपला की वहीत एक ओळ लिहायची : हा भाग कुणाचा होता? शीर्षक म्हणतं त्याचाच की दुसऱ्या कुणाचा?

नऊ आठवडे

नऊ भाग, नऊ आठवडे. दिवसाला अठरा-वीस पानं पडतात. भाग सारख्या लांबीचे नाहीत, तेव्हा पानांचा हिशेब लवचीक ठेवा, पण दोन भागांच्या मधे एक दिवस सुट्टी घ्याच.

पहिला खंड पळतो. त्याला धरून ठेवावं लागतं, विशेषतः क्रिस्तीन ओस्लोच्या जोगिणींच्या मठात राहायला जाते तिथपासून. प्रेम आंधळं वगैरे असतं, पण वाचकाने डोळे उघडे ठेवावेत. एर्लेंड काय बोलतो त्याहून काय टाळतो, त्याची नोंद करा. आणि सिमोनला कंटाळवाणा म्हणून खोडू नका. पहिल्या वाचनात मी तेच केलं आणि तिसऱ्या खंडात त्याची मनोमन माफी मागितली.

दुसऱ्या खंडात बहुतेकजण अडकतात. लग्न झालेलं, आता काय, असं वाटतं. प्रत्यक्षात त्रयी इथे सुरू होते. सुरुवातीला पहिल्या बाळंतपणाचं लांब प्रकरण आहे, ते एका बैठकीत वाचा. त्यानंतर क्रिस्तीन तान्ह्याला घेऊन अनवाणी नीदारोसला जाते. वाटेत फेगिन्सब्रेक्का नावाची टेकडी लागते, जिथून यात्रेकरूंना संत ओलावचं मोठं देऊळ पहिल्यांदा दिसतं आणि ते गुडघे टेकतात. वारीत लांबून कळस दिसल्यावर हात जोडणारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना इथे टीप लागणार नाही.

खंडाच्या उत्तरार्धात राजकारण येतं आणि डोकं गरगरतं. त्यासाठी एवढंच पुरे : १३१९ साली राजा होकोन पाचवा वारला, त्याला मुलगा नव्हता. लेकीचा मुलगा माग्नुस, वय वर्षं तीन, नॉर्वे आणि स्वीडन दोन्हींचा राजा झाला. राजा मोठा होऊन स्वीडनमध्येच जास्त रमतो, म्हणून नॉर्वेचे मानकरी नाराज. बास. दरबारी नावं लक्षात ठेवायची गरज नाही, त्या चर्चेच्या वेळी क्रिस्तीन खोलीत आहे की नाही, एवढं बघा.

तिसऱ्या खंडात वेग आणखी उतरतो. मुलगे मोठे होतात, वाड्यावर कामं चालू राहतात, शेजारी बोलतात. या खंडाला घाई चालत नाही. मी तो रात्री वाचणं सोडून सकाळी वाचला, कारण रात्री वाचला की झोप लागत नसे. लग्नाच्या अंगठीवर शेवटपर्यंत लक्ष ठेवा.

दोघांनी वाचायचं असेल तर

एकटीने वाचण्यापेक्षा हे पुस्तक दोन वयांच्या माणसांनी वाचावं. मी ते आत्याबरोबर वाचलं. ती सत्तरीची, मी पस्तिशीची. रविवारी फोनवर एक भाग. पहिला खंड संपल्यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. तिचं म्हणणं, लाव्हरान्सने नमतं घेऊन पोरीचं नुकसान केलं. माझं म्हणणं, उशिरा नमतं घेऊन केलं. दुसऱ्या खंडात आम्ही बाजू बदलल्या होत्या. प्रश्नांची यादी वगैरे करू नका. दोघींनी आपापल्या खातेवह्या समोर ठेवायच्या आणि ज्या नोंदी एकीकडे आहेत नि दुसरीकडे नाहीत, त्यांवर बोलायचं. आत्याच्या वहीत राग्नफ्रिडचं पान पहिल्या आठवड्यातच अर्धं भरलं होतं. ‘तुला कसं कळलं?’ विचारलं तर म्हणाली, ‘बाई इतकी गप्प आहे, म्हणजे असणारच काहीतरी.’

लेखिकेविषयी कधी वाचायचं

पहिला खंड झाल्यावर, आधी नाही. उन्सेट यांचे वडील पुरातत्त्वज्ञ होते. उन्सेट अकरा वर्षांच्या असताना ते गेले. सोळाव्या वर्षापासून दहा वर्षं त्यांनी एका कचेरीत कारकुनी केली आणि उरलेल्या वेळात लिहिलं. लग्न झालं एका चित्रकाराशी, ज्याला आधीच्या लग्नाची मुलं होती. १९१९ मध्ये उन्सेट स्वतःच्या मुलांना घेऊन लिलेहामरला आल्या, संसार मोडला होता. त्रयी त्या घरात लिहिली गेली. ओळीत बसवलेल्या या चार गोष्टी वाचल्यावर दुसऱ्या खंडातली सावत्र मुलांची प्रकरणं वेगळी लागतात. म्हणूनच आधी वाचू नका म्हटलं, नाहीतर कादंबरीत सगळीकडे लेखिकाच दिसायला लागते.

१९९५ साली लीव उलमन यांनी चित्रपट काढला, तो फक्त पहिल्या खंडावर आहे. तो खंड संपल्यावर बघायला हरकत नाही. चित्रीकरणासाठी सेल इथे (म्हणजे कादंबरीतल्या सिलमध्ये) उभारलेला वाडा अजून आहे, लोक तो बघायला जातात. छायाचित्रं शोधून एकदा बघा, धुराचं भोक आणि कोठाराची माडी नेमकी कशी असते ते कळेल.

शेवटचं पान झालं की पुस्तक लगेच कपाटात ठेवू नका. पहिल्या खंडाचं पहिलं वाक्य परत काढा, ते १३०६च्या वाटणीचं, आणि खातेवहीतली पहिली नोंद त्याच्या शेजारी धरा. माझ्या वहीत तिथे ‘लाव्हरान्सची जमीन’ असं लिहिलेलं होतं. मी ते खोडून ‘राग्नफ्रिडची’ केलं.